'पु.', 'ज्ञा.', 'छो', 'सां': ऑनलाइन शब्दकोशातल्या खुणा कशा वाचायच्या?

एखाद्या शब्दावरून सोशल मीडियावर वाद पेटला की कुणीतरी शब्दकोशाच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकतो. 'हा शब्द मराठी नाहीच', 'हा अशुद्ध आहे', 'याचा खरा अर्थ वेगळाच आहे' असे दावे होतात आणि ती एक ओळ पुरावा म्हणून फिरत राहते. त्या ओळीत शब्दाच्या मागेपुढे एकदोन अक्षरांच्या खुणा असतात: पु., (फा.), (व.), ज्ञा. बहुतेकांची नजर त्यांच्यावरून घसरून थेट अर्थावर जाते. पण कोश नेमके काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो, हे त्या खुणांमध्येच असते. त्या सोडून वाचले तर बरोबर नोंदीवरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

छापील कोशाच्या सुरुवातीला या खुणांची यादी असते. ऑनलाइन कोशात वाचक थेट एका शब्दावर येऊन पडतो, त्यामुळे ती यादी नजरेस पडत नाही. अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोशात तर आणखी एक थर असतो: कोणी, कधी, काय बदलले याच्या खुणा. या दोन्ही प्रकारच्या खुणांचा अर्थ इथे दिला आहे. उदाहरणे शक्य तिथे अहिल्यानगर जिल्ह्यातली आहेत.

विक्शनरी म्हणजे काय?

विक्शनरी हा कुणालाही वाचता येणारा आणि कुणालाही भर घालता येणारा मुक्त शब्दकोश आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचाच हा प्रकल्प. पहिली, म्हणजे इंग्रजी विक्शनरी १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली. नंतर इतर भाषांच्या आवृत्त्या आल्या, त्यात मराठीही आहे. मराठीचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत 'एमआर' असल्यामुळे मराठी विक्शनरीच्या पत्त्याची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते. जुन्या मराठीला 'ओएमआर' असा स्वतंत्र संकेत आहे.

विकिपीडिया ज्ञानकोश आहे, विक्शनरी शब्दकोश. हा फरक जिल्ह्याच्या नावावरून चटकन समजतो. मे २०२३ मध्ये चौंडी इथे अहमदनगरच्या नामांतराची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये 'अहिल्यानगर' हे नाव अधिकृत झाले. ज्ञानकोशात एका विषयाला एकच पान असते. त्यामुळे दोनपैकी एका नावाने पान ठेवायचे आणि दुसऱ्या नावावरून वाचकाला तिथे पोहोचवायचे, अशी रीत असते. शब्दकोशाचा विषय मात्र शब्द हाच असतो. तिथे 'अहमदनगर', 'अहिल्यानगर' आणि रोजच्या बोलण्यातले नुसते 'नगर' या तिन्हींना वेगवेगळी नोंद मिळू शकते, कारण तिन्ही शब्द लोकांनी वापरले आहेत आणि तिन्हींची घडण वेगळी आहे. 'पूर्वीचे अधिकृत नाव' असा शेरा एका नोंदीवर असेल, पण नोंद राहते. जुना शब्द कोशात ठेवणे म्हणजे त्या बाजूने मत देणे नव्हे. शंभर वर्षांपूर्वीचे पत्र वाचणाऱ्यालाही अर्थ कळावा, एवढाच त्यामागचा हेतू.

लिंग आणि शब्दजातीच्या खुणा

- पु., स्त्री., न. : पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग.
- वि. : विशेषण.
- क्रिवि. : क्रियाविशेषण.
- सक्रि., अक्रि. : सकर्मक आणि अकर्मक क्रियापद.
- उक्रि. : उभयविध, म्हणजे दोन्ही प्रकारे चालणारे क्रियापद.
- म्ह॰ : म्हण.
- सामाश॰ : मूळ शब्दापासून झालेले सामासिक शब्द.

शेवटच्या दोन खुणांतले छोटे वर्तुळ म्हणजे उरलेली अक्षरे गाळली आहेत याची खूण. हेच वर्तुळ जोडशब्दाच्या सुरुवातीला आले तर तिथे मुख्य शब्द घालून वाचायचा. 'नगर' या नोंदीखाली '॰कर' दिसले तर तो 'नगरकर' होतो.

लिंगाची खूण केवळ व्याकरणापुरती नसते, कधी तिच्यामुळे अर्थच बदलतो. 'हार' (पु.) म्हणजे गळ्यात घालायची माळ आणि 'हार' (स्त्री.) म्हणजे पराभव. 'वेळ मजेत गेला' मधला वेळ पुल्लिंगी, 'निघायची वेळ झाली' मधली वेळ स्त्रीलिंगी. अशा शब्दाचा अर्धाच स्क्रीनशॉट घेतला तर निम्मा शब्द बाहेर राहतो.

उच्चाराच्या खुणा

मराठीत च, ज, झ ही अक्षरे दोन प्रकारे उच्चारली जातात आणि लिहिताना फरक दिसत नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचे भांडे. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. अक्षरे तीच, पण वाचताना जीभ वेगळ्या जागी लागते. म्हणून ऑनलाइन कोशात 'आयपीए' असे लिहून पुढे अनोळखी चिन्हांत उच्चार देतात. आयपीए म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी. तिरप्या रेघांमध्ये दिलेला उच्चार ढोबळ असतो, चौकटी कंसातला जास्त बारकाईने नोंदवलेला. काही ठिकाणी त्याऐवजी अक्षराखाली नुक्ता देऊन 'च़', 'ज़' असे लिहिलेले आढळते.

शब्द कुठून आला? व्युत्पत्तीच्या खुणा

सर्वाधिक वाद याच खुणांवरून होतात.

- (सं.) : संस्कृत
- (प्रा.) : प्राकृत
- (फा.) : फारसी
- (अर.) : अरबी
- (का.) : कानडी, म्हणजे कन्नड
- (गु.) : गुजराती
- (हिं.) : हिंदी
- (पोर्तु.) : पोर्तुगीज
- (इं.) : इंग्रजी

खुणा सगळ्या कोशांत सारख्या नसतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, सुधारित आवृत्ती १८५७) मूळ भाषा रोमन मोठ्या अक्षराने दाखवली आहे: 'एस' म्हणजे संस्कृत, 'पी' फारसी, 'एच' हिंदुस्थानी आणि 'ए' अरबी. पण त्याच कोशात लहान लिपीतला 'ए' म्हणजे विशेषण. लहान-मोठ्या अक्षराकडे लक्ष दिले नाही तर एखादे साधे विशेषण 'अरबी शब्द' म्हणून जाहीर व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी गल्लत 'मूळ' आणि 'मार्ग' यांची. 'जिल्हा' आणि 'तालुका' या दोन्ही शब्दांचे मूळ अरबी आहे, पण मराठीत ते फारसीच्या वाटेने, राज्यकारभाराच्या भाषेतून आले. एका कोशात (अर.) आणि दुसऱ्यात (फा.) दिसले म्हणून कुणी एक खोटे ठरत नाही. एकाने मूळ सांगितले, दुसऱ्याने मार्ग. मजुराच्या डोक्यावरचे 'घमेले' आणि कपाटाची 'चावी' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत, तरी आज ते मराठीच आहेत. खूण शब्दाचा प्रवास सांगते, तो परका की आपला हे ठरवत नाही.

व्युत्पत्तीत बाणासारखे एक चिन्ह येते. 'ऊस < उच्छु < इक्षु' याचा अर्थ ऊस हा शब्द प्राकृत उच्छुवरून आणि तो संस्कृत इक्षुवरून आला. चिन्ह उलटे असले तरी एक नियम कायम: टोक नेहमी नव्या शब्दाकडे असते.

या संदर्भात आणखी काही संज्ञा भेटतात.

- तत्सम : संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द. उदा. इक्षुदंड.
- तद्भव : पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून बदलत आलेला शब्द. उदा. ऊस.
- देशी : ज्याचे मूळ संस्कृतात दाखवता येत नाही असा शब्द. बाराव्या शतकात हेमचंद्राने अशा शब्दांचा 'देशीनाममाला' हा संग्रहच केला होता.
- तारा (*) : शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी तर्काने उभे केले आहे. 'महत्त्वाचा शब्द' असा त्याचा अर्थ नाही.

ग्रंथांच्या खुणा: 'ज्ञा.' म्हणजे नेवासा

यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. आज तो इंटरनेटवर शोधता येतो आणि ऑनलाइन लिहिणारे त्याचा सर्रास आधार घेतात, त्यामुळे त्यातल्या खुणाही सोबत येतात. अर्थानंतर येणारी '-ज्ञा' ही त्यातली नेहमीची खूण. ज्ञा म्हणजे ज्ञानेश्वरी. हा शब्द या अर्थाने ज्ञानेश्वरीत आला आहे, असे ती सांगते.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब तिथे आजही दाखवतात. म्हणजे कोशात एखाद्या शब्दापुढे 'ज्ञा' दिसली, तर तो शब्द किमान सव्वासातशे वर्षांपासून मराठीत आहे. 'हा शब्द तर अलीकडचा' या दाव्याला ही दीड अक्षराची खूण पुरेसे उत्तर असते.

खुणेनंतरचे आकडेही वाचता येतात, आणि त्यांवरून चूक पकडता येते.

- ज्ञा : ज्ञानेश्वरी. पहिला आकडा अध्यायाचा, दुसरा ओवीचा. अध्याय १८च आहेत. पहिला आकडा २१ असेल तर संदर्भ नक्की चुकला आहे.
- दा : दासबोध. दशक, समास, ओवी असे तीन आकडे. दशक २० आणि प्रत्येकात समास १०. मधला आकडा १२ असू शकत नाही.
- एभा : एकनाथी भागवत. अध्याय ३१.
- तुगा : तुकारामांची गाथा. हिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून कोणती आवृत्ती तेही पाहावे लागते.
- मो : मोरोपंत.

ऑनलाइन कोशात जागेची टंचाई नाही. त्यामुळे नवी नोंद लिहिताना 'ज्ञा' ऐवजी पूर्ण 'ज्ञानेश्वरी, अध्याय अमुक, ओवी तमुक' असे लिहिणे कधीही चांगले. छापील कोशातली काटकसर कागद वाचवण्यासाठी होती.

वापराचे शिक्के: 'बोली' म्हणजे 'अशुद्ध' नव्हे

- (ल.) : लाक्षणिक अर्थ.
- (काव्य) : फक्त कवितेत येणारा शब्द.
- (महानु.) : महानुभाव पंथाच्या ग्रंथांतला शब्द.
- (व.) : वऱ्हाडी.
- (गो.) : गोमंतकी.
- (कों.) : कोकणी.
- (कुण.) : कुणबी बोलीतला शब्द. हे जुन्या कोशांचे वर्गीकरण आहे.

शाळेत किंवा शहरात गावाकडच्या शब्दावरून हसे झाले की माणूस तो शब्द वापरायचे सोडतो. त्यानंतर कुणी कोशातला असा शिक्का दाखवून 'बघा, हे प्रमाण नाही' म्हटले तर विषय संपल्यासारखा वाटतो. पण (व.) किंवा (कुण.) असा शिक्का शब्द कुठे, कोणाच्या तोंडी ऐकला एवढेच सांगतो. उलट कोशात शिक्क्यासह नोंद असणे म्हणजे तो शब्द खरा आहे, कुणाची जीभ घसरलेली नाही, याची पावती.

शिक्का लावतानाही जपून लावावा लागतो. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,००० चौरस किलोमीटरहून जास्त. पश्चिमेला सह्याद्रीतला अकोले आणि दक्षिणेला बीड-धाराशिवला टेकलेला जामखेड यांच्या बोलण्यात फरक असणारच. म्हणून ऐकलेल्या शब्दावर सरसकट 'नगरी' असे लिहिण्यापेक्षा तालुका किंवा गाव लिहिले तर पुढच्या माणसाला ते तपासता येते.

पानामागच्या खुणा: छो, न, सां

आतापर्यंतच्या खुणा कुठल्याही कोशात भेटतात. सहयोगी कोशात मात्र प्रत्येक पानाला इतिहास असतो. जिल्ह्याला हे सहकाराच्या उदाहरणावरून सहज समजेल. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यात ऊस कुणाचाही असो, आधी वजनकाट्यावर जातो आणि पावती होते. विक्शनरीतही भर कुणाचीही असो, तिची नोंद राहते. मराठी विकिप्रकल्पांत 'अलीकडील बदल' किंवा पानाचा 'इतिहास' उघडला की पुढच्या संज्ञा दिसतात.

- न : नवीन पान.
- छो : छोटा बदल. वेलांटी, उकार, विरामचिन्ह अशा दुरुस्तीसाठी. 'छो' लिहून अर्थच बदलला असेल तर तो बदल उघडून पाहावा.
- सां : सांगकाम्या, म्हणजे सांगितलेले काम आपोआप करणारा संगणकीय प्रोग्राम, बॉट. त्याने केलेल्या बदलामागे प्रत्येक वेळी माणसाची नजर फिरलेली असतेच असे नाही.
- फरक : आधीच्या आणि नंतरच्या मजकुराची तुलना.
- इति : इतिहास. पानावरचे सगळे बदल तारीखवार.
- द्रुतमाघार : खोडसाळ बदल एका फटक्यात मागे घेणे.
- साचा : अनेक पानांवर तसाच वापरायचा तयार मजकूर किंवा चौकट.
- पुनर्निर्देशन : एका नावावरून दुसऱ्या पानावर पोहोचवणारी सोय.
- प्रचालक : पाने वगळणे, सुरक्षित करणे असे जादा अधिकार असलेला सदस्य. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा जादा अधिकार त्याला नसतो.
- चर्चा : प्रत्येक पानाला जोडलेले चर्चापान. वाद असेल तर तो तिथे लिहिलेला सापडतो.
- चावडी : सगळ्या प्रकल्पाच्या सामाईक प्रश्नांची जागा.
- धूळपाटी : लिहून पाहण्याची, चुकले तरी चालेल अशी सरावाची जागा. पूर्वी शाळेत फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत, त्यावरून हे नाव.
- संदर्भ हवा : विधान लिहिले आहे, पण आधार दिलेला नाही.
- प्रताधिकार : कॉपीराइट. आजच्या कोशातला मजकूर जसाच्या तसा उतरवता येत नाही. मोल्सवर्थसारखे जुने, मुदत संपलेले कोश वापरता येतात.

नवा शब्द कोशात कधी येतो?

कुणीही लिहू शकते, मग कुणीही शब्द बनवून टाकू शकते का? यासाठी इंग्रजी विक्शनरीत दोन कसोट्या आहेत. एक, शब्द 'वापरलेला' हवा, नुसता 'उल्लेखलेला' नको. 'अमुकला तमुक म्हणावे' हा उल्लेख झाला. कुणीतरी अर्थ न समजावता तो शब्द वाक्यात सहज लिहिला, तर तो वापर. दोन, भरपूर साहित्य असलेल्या भाषांसाठी साधारण तीन स्वतंत्र ठिकाणचे आणि वर्षाहून अधिक काळात पसरलेले वापर लागतात. कमी साहित्य असलेल्या भाषांना यात सवलत मिळते, तिथे एक पुरावाही चालतो.

नुकताच घडवलेला, अजून कुणी न वापरलेला शब्द तिथे 'प्रोटोलॉजिझम' म्हणून बाजूला ठेवतात. घडवलेला शब्द कायमचा बाहेर राहतो असे मात्र नाही. 'महापौर' हा सावरकरांनी सुचवलेला शब्द. आज तो सुचवला होता हेही अनेकांना माहीत नसते, इतका तो रुळला आहे.

एका चुकीच्या खुणेची गोष्ट

खुणा नीट वाचल्या नाहीत तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३१ मध्ये वेबस्टर कोशाच्या रसायनशास्त्र संपादकाने एक चिठ्ठी पाठवली: 'डी' हे अक्षर, लहान किंवा मोठे, घनता या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. चिठ्ठीवर 'डी ऑर डी' असे लिहिले होते. पुढच्या टेबलावर ते एकच शब्द म्हणून वाचले गेले. १९३४च्या आवृत्तीत 'डॉर्ड, नाम, अर्थ: घनता' अशी नोंद छापून आली. या शब्दाला व्युत्पत्तीच नाही हे १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले आणि काही वर्षांनी, १९४७ मध्ये, तो काढला गेला. अशा शब्दांना भूतशब्द म्हणतात. ज्या कोशात नामवंत संपादक होते तिथे हे घडले. चूक सापडली ती व्युत्पत्तीची रिकामी जागा कुणीतरी पाहिली म्हणून.

सहयोगी कोशात अशी चूक अधिक सहज शिरते, आणि ती दिसली की वाचकाला तिथल्या तिथे सुधारताही येते. पण तिचा स्क्रीनशॉट एकदा फिरायला लागला की मूळ पान सुधारले तरी चित्र तसेच राहते.

स्क्रीनशॉट पुढे पाठवण्यापूर्वी

१. कोश कोणता आणि कोणत्या वर्षीचा, ते पाहा. एकाच खुणेचा अर्थ दोन कोशांत वेगळा असू शकतो.

२. त्या कोशाची संक्षेपसूची उघडा. अंदाजाने खूण वाचू नका.

३. पूर्ण नोंद वाचा. दुसरे लिंग, दुसरा अर्थ खाली असू शकतो.

४. ग्रंथाचा संदर्भ असेल तर आकडे शक्य आहेत का ते तपासा.

५. विक्शनरीचे पान असेल तर 'इतिहास' उघडा. वाद सुरू झाल्यानंतरच नोंद बदललेली आहे का, ते तारखेवरून कळते.

६. आधार नसेल तर चर्चापानावर विचारा. आणि शब्द घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेला असेल, पण कोशात नसेल, तर तो धूळपाटीवर लिहून पाहा: शब्द, लिंग, अर्थ, एक वाक्य आणि कुठे ऐकला त्या गावाचे नाव.